भीतीचा पुरावा कसा द्यायचा? अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टातला आश्रयाचा दावा, सोप्या भाषेत

“दादाला त्यांनी लई मारलं.”

एवढंच ती म्हणाली होती. विमानतळावर अडवल्यानंतर काही दिवसांनी आश्रय अधिकाऱ्याने तिची मुलाखत घेतली, दुभाषा फोनवर होता. दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं की भावाला ठार मारलं. अधिकाऱ्याने तसंच टिपून घेतलं. वर्षभराने तिची फाइल भाषांतरासाठी माझ्यापुढे आली, तेव्हा तिच्यात त्याच दादाचं पत्र होतं. तारीख महिन्याभरापूर्वीची, खाली ठसठशीत सही. आणि अर्जात भावंडांच्या रकान्यात एकच नाव होतं, धाकट्या बहिणीचं.

मराठी माणसाला हे वाचून लगेच उलगडा होतो. मारलं म्हणजे चोपलं, झोडपलं. जिवे मारलं असतं तर ती ‘मारून टाकलं’ म्हणाली असती. आणि दादा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, एकाच वाड्यात वाढलेला. आपल्याकडे त्याला कुणी ‘चुलतदादा’ अशी हाक मारत नाही. पण सरकारी वकिलाने हेच कागद शेजारी शेजारी ठेवले तर काय दिसतं? जिला भाऊच नाही तिचा भाऊ मारला गेला, आणि मेल्यावर त्याने पत्र पाठवलं.

मी वकील नाही. न्यू जर्सीत राहते आणि गेली काही वर्षं एका वकिलांच्या ऑफिससाठी मराठी, हिंदी, गुजराती कागदांची भाषांतरं करते. (या मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) या कामात मला सारखं जाणवत आलंय की आश्रय मागणाऱ्या माणसाला पुरावा म्हणजे काय हेच कुणी नीट सांगितलेलं नसतं. लोक पिशवी भरून कागद आणतात, आणि ज्याच्यावर सगळा डोलारा उभा असतो तो स्वतःचा जबाब मात्र एका संध्याकाळी घाईघाईत लिहून देतात. म्हणून हा लेख. प्रत्येकाची केस वेगळी असते, नियम बदलत असतात, तेव्हा वकिलाचा सल्ला घ्यायलाच हवा. पण वकिलासमोर बसण्याआधी हे माहीत असलं तर निम्मी वाट सोपी होते.

आधी हे कोर्ट कसलं ते समजून घ्या. अमेरिकेतलं इमिग्रेशन कोर्ट तिथल्या स्वतंत्र न्यायव्यवस्थेचा भाग नाही. ते न्याय खात्याच्या अखत्यारीत चालतं आणि जजची नेमणूक त्या खात्याचे प्रमुख, म्हणजे ॲटर्नी जनरल, करतात. तुमच्या समोर गृहसुरक्षा खात्याचे वकील असतात. तुमच्या बाजूने वकील हवा असेल तर तो तुम्ही आणायचा. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तशी सोय इथे नाही. दुभाषा मात्र कोर्ट देतं. गेल्या काही वर्षांत या कोर्टांमधल्या प्रलंबित प्रकरणांचा आकडा ३० लाखांच्या वर गेला, त्यामुळे अर्ज आणि अंतिम सुनावणी यांच्यात वर्षंच्या वर्षं जाऊ शकतात. एवढ्या काळात माणूस तारखा विसरतो आणि साक्षीदार गाव सोडून जातात. पुरावा आज गोळा करायचा तो यासाठीच.

आणि सिद्ध करण्याची जबाबदारी मुळात अर्जदाराची. ‘आम्ही खोटं बोलतोय हे तुम्ही दाखवा’ असं सरकारला म्हणता येत नाही.

सिद्ध काय करायचं? १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्या अमेरिकेने १९८० च्या कायद्यात घेतली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटात मोडणं, या पाचांपैकी एखाद्या कारणावरून ज्याचा छळ झाला आहे किंवा होईल अशी ज्याला साधार भीती आहे, तो निर्वासित. वाक्य एकच, पण त्यात तीन-चार गाठी आहेत आणि प्रत्येक गाठ पुराव्याने सोडवावी लागते. जे झालं ते साध्या त्रासापलीकडचं, छळ म्हणावं इतकं गंभीर होतं का? ते पाचांपैकी कोणत्या कारणावरून झालं? करणारं सरकार होतं, की सरकार ज्यांना आवरू शकत नाही किंवा आवरू इच्छित नाही असे लोक? आणि देशातच दुसरीकडे जाऊन सुरक्षित राहता आलं असतं का?

शिवाय एक गोष्ट या सगळ्याआधीची. अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज (फॉर्म आय-५८९) दाखल झाला पाहिजे, आणि तो मुदतीत झाला हेही तुम्हीच स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवायचं. पासपोर्टवरचा शिक्का, आगमनाची नोंद, विमानाचा बोर्डिंग पास, असे कागद लोक फेकून देतात. फेकू नका. मुदत चुकल्यास बदललेली परिस्थिती किंवा असाधारण अडचण असे अपवाद आहेत, पण तेही पुन्हा सिद्धच करावे लागतात. ते जमलं नाही तर आश्रयाचं दार बंद होतं आणि दोन मर्यादित संरक्षणं उरतात: मायदेशी पाठवण्याला मनाई आणि यातनाविरोधी कराराखालचं संरक्षण. त्यांना वर्षाची मुदत नाही, पण पुराव्याची पातळी चढी आहे. धोका अर्ध्याहून अधिक शक्यतेचा आहे असं दाखवावं लागतं.

मग आश्रयासाठी किती शक्यता पुरते? याचं उत्तर एका खऱ्या खटल्यात आहे आणि ते ऐकून पहिल्यांदा मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. ल्यूझ मरीना कार्दोझा-फोन्सेका ही निकाराग्वाची बाई १९७९ मध्ये पर्यटक म्हणून अमेरिकेत आली आणि मुदत संपल्यावरही राहिली. तिच्या भावाला राजकीय कामामुळे मायदेशात तुरुंगात टाकून त्याचा छळ केला गेला होता. ती स्वतः राजकारणात नव्हती. तिचं म्हणणं असं की आम्ही दोघं एकत्र देश सोडला हे तिथल्या सरकारला माहीत आहे, मी परत गेले तर भाऊ कुठे आहे हे काढून घेण्यासाठी माझाही छळ होईल. इमिग्रेशन जजने तिच्याकडून छळाची ‘स्पष्ट संभाव्यता’ मागितली आणि अर्ज फेटाळला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही पातळी चुकीची. साधार भीतीसाठी धोका पन्नास टक्क्यांहून जास्त असण्याची गरज नाही, दहा टक्के शक्यताही पुरू शकते. न्यायालयाने त्यासाठी ग्राल-मादसेन या नॉर्वेजियन कायदेपंडिताचं उदाहरण घेतलं: एखाद्या देशात दर दहातल्या एका प्रौढ पुरुषाला ठार मारलं जातं किंवा दूरच्या श्रमछावणीत धाडलं जातं असं ठाऊक असेल, तर तिथून पळून आलेल्या कुणाचीही भीती साधारच म्हणावी लागेल.

हा आकडा भविष्यातल्या धोक्याबद्दलचा आहे, हे मात्र विसरू नका. जे घडून गेलं ते खरंच घडलं असण्याची शक्यता जास्त, इतपत पटवावं लागतंच. आणि ते पटलं, म्हणजे पाचांपैकी एखाद्या कारणावरून छळ झाला हे जजने मान्य केलं, की पारडं फिरतं. पुढेही धोका आहे असं गृहीत धरलं जातं, आणि परिस्थिती बदलली आहे किंवा हा माणूस देशातच दुसरीकडे राहू शकतो हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर जाते. पहिला टप्पा सर्वांत जास्त मेहनत घेण्यासारखा आहे तो यामुळे.

बहुतेक लोक अडखळतात ते मात्र ‘कारण’ या गाठीवर. त्याचाही एक खटला आहे. ग्वाटेमालातला एलियास-झाकारियास हा तरुण. १९८७ च्या जानेवारीत तोंडाला रुमाल बांधलेले दोन गनिमी बंडखोर त्याच्या घरी आले, शस्त्रं घेऊन. आमच्यात सामील व्हा म्हणाले. त्याने आणि आईवडिलांनी नकार दिला. विचार करा, आम्ही परत येऊ, असं सांगून ते गेले. बंडखोरांत गेलो तर सरकार सूड घेईल म्हणून त्याला जायचं नव्हतं, आणि नकार दिल्यामुळे बंडखोर सोडणार नाहीत म्हणून त्याने देश सोडला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. त्याची भीती खरी असेल, पण बंडखोर त्याच्या राजकीय मतामुळे त्याच्या मागे लागणार होते याचा पुरावा कुठे आहे, असा न्यायालयाचा प्रश्न होता. छळ करणाऱ्याच्या मनात काय होतं याचा थेट नसेल तर निदान परिस्थितीजन्य, असा काही तरी पुरावा हवाच.

मला हा निकाल कठोर वाटतो. दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हेतू विचारायला कोण जाईल? पण तो कायदा आहे. २००५ च्या रिअल आयडी कायद्याने तर ही अट आणखी नेमकी केली: पाचांपैकी एक कारण हे छळामागचं किमान एक मध्यवर्ती कारण असलं पाहिजे. म्हणून जबाब लिहिताना ‘त्यांनी मला मारलं’ इथे थांबू नका. मारताना काय म्हणाले ते लिहा. कोणती शिवी दिली, जातीचं नाव घेतलं का, पक्षाचं घेतलं का, कपड्यांवर काही बोलले का. त्याच दिवशी तुमच्यासारख्या आणखी कुणाकुणाच्या घरी गेले आणि कुणाच्या घरी गेले नाहीत. शिव्यांचे शब्द बायका मला सांगायला लाजतात. मी समजावते की बाई, त्या शिवीतच तुमची केस आहे. ती जशीच्या तशी मूळ मराठीत लिहा, इंग्रजीत काय अर्थ होतो ते मी खाली देईन.

आता मूळ प्रश्न. कागद काहीच नसतील तर? जीव वाचवून पळालेल्या माणसाकडे फाइल नसते हे कायद्यालाही माहीत आहे. म्हणून रिअल आयडी कायद्यात असं आहे की अर्जदाराची नुसती साक्षही पुरेशी ठरू शकते. त्यासाठी ती विश्वासार्ह, पटणारी आणि नेमक्या तथ्यांवर बोलणारी हवी. पण लगेच पुढचं कलम आहे: साक्ष विश्वासार्ह असूनही जजला वाटलं की अमुक गोष्टीला आधार हवा, तर तो द्यावाच लागेल. सुटका एकाच कारणाने होते. तो पुरावा तुमच्याकडे नाही आणि वाजवी प्रयत्न करूनही मिळण्यासारखा नाही.

इथेच लोक चूक करतात. मिळालं नाही की गप्प बसतात. समजा, दवाखान्यातला केसपेपर हवा होता. तुम्ही मावशीला पाठवलं, दवाखान्याने सांगितलं की इतकी जुनी कागदपत्रं आम्ही ठेवत नाही. मग मावशीचं तसं पत्र घ्या: कोणत्या दिवशी गेले, खिडकीवर कुणाला भेटले, काय उत्तर मिळालं. ईमेल केला असेल आणि उत्तर आलं नसेल तर त्या ईमेलची प्रत लावा. प्रयत्न केल्याचा पुरावा हाही पुरावाच असतो.

विश्वासार्हता कशावरून ठरते, यावर हाच कायदा बराच खोलात जातो. बोलण्याची पद्धत, प्रश्नाला थेट उत्तर देता की नाही, गोष्ट मुळात शक्य वाटते का, लेखी आणि तोंडी सांगण्यात मेळ आहे का, आणि देशातल्या परिस्थितीवरच्या अहवालांशी ती जुळते का. मेळ फक्त कोर्टातल्या साक्षीचा पाहत नाहीत. विमानतळावर बोललात, सीमेवर बोललात, व्हिसाच्या अर्जात लिहिलंत, सगळं काढून शेजारी ठेवलं जातं. शिवाय विसंगती मुद्द्याच्या गाभ्यातली असलीच पाहिजे असंही नाही. बारीकशी, बाजूची तफावतही जज मोजू शकतो, मात्र त्याने एकूण परिस्थिती पाहून ठरवायचं असतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गार्लंड विरुद्ध मिंग दाई या निकालात आणखी एक दिलासा काढून घेतला. त्याआधी पश्चिमेकडच्या एका अपील न्यायालयाची पद्धत अशी होती की जजने ‘हा खोटं बोलतोय’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर त्याचं बोलणं खरं धरून चालायचं. सर्वोच्च न्यायालयाने ती चालणार नाही असं एकमताने सांगितलं.

म्हणून ‘मारलं’ आणि ‘दादा’ यांची एवढी धास्ती. मराठीत बोलणाऱ्याला अशी ठिकाणं पावलोपावली लागतात. ‘परवा’ हा शब्द घ्या: कालच्या आधीचा दिवस, उद्याच्या नंतरचा दिवस, आणि बोलण्याच्या ओघात ‘अगदी हल्ली’ असाही त्याचा अर्थ होतो. ‘दिवाळीच्या आधी’ म्हटलं तर दिवाळी दर वर्षी वेगळ्या तारखेला. कधी ऑक्टोबर, कधी नोव्हेंबर. दुभाषा अंदाजाने महिना सांगतो आणि तो महिना तुमच्या तोंडी कायमचा चिकटतो. नक्की तारीख आठवत नसेल तर ‘आठवत नाही, दिवाळीच्या आसपास’ असंच म्हणा. अंदाजाने ठोकून दिलेल्या तारखेपेक्षा प्रामाणिक ‘आठवत नाही’ कितीतरी बरं. दुभाष्याचं बोलणं कळलं नाही तर तिथल्या तिथे हात वर करून सांगा. संकोच करू नका. भीड ही आपल्याकडची मोठी अडचण आहे.

खोटं बोलण्याबद्दलही सरळ लिहिते. आपल्या देशातून माणसं पाठवणारे एजंट तयार गोष्ट विकतात. २०१५ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने निकाली काढलेलं एक प्रकरण भारतीय अर्जदाराचंच आहे. त्याचा जबाब आणि त्याच्या भावाने वेगळ्या केसमध्ये दिलेला जबाब यांत वाक्यंच्या वाक्यं सारखी निघाली. मंडळाने सांगितलं की जजने असं साम्य अर्जदारापुढे ठेवावं, त्याला खुलाशाची संधी द्यावी, आणि मग सगळं पाहून ते विश्वासार्हतेच्या विरुद्ध धरता येईल. आणि दाव्याचा महत्त्वाचा भाग मुद्दाम रचला असं ठरलं तर माणूस इमिग्रेशनच्या जवळजवळ सगळ्या सवलतींना कायमचा मुकतो. ज्याची गोष्ट खरी आहे त्याने तर एजंटच्या मसुद्याला हातही लावू नये. खऱ्या गोष्टीवर खोट्याचा मुलामा चढवला की जजला दोन्हींतला फरक कळत नाही.

कागद प्रत्यक्षात कसे जुळवतात, यासाठी आपल्याकडचंच एक उदाहरण घेऊ. हे काल्पनिक आहे, पण असं घडत नाही असं कोण म्हणेल? मराठवाड्यातल्या एका गावातलं जोडपं. मुलगा दलित, मुलगी तिथल्या वजनदार जातीतली. रजिस्टर लग्न केलं. मुलीच्या भावांनी मुलाला रस्त्यात गाठून काठ्यांनी मारलं, हात मोडला. पोलीस ठाण्यात गेले तर हवालदाराने ‘घरचं मिटवून घ्या’ म्हणून नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली. पुण्यात येऊन राहिले, तिथेही भाऊ शोधत आले. मग अमेरिका.

लग्नाचा दाखला हा इथला पाया. दोघांचे जातीचे दाखले किंवा शाळा सोडल्याचे दाखले, कारण आंतरजातीय लग्न हे ‘कारण’ म्हणून मांडायचं असेल तर दोघांची जात आधी दिसली पाहिजे. (यातून विशिष्ट सामाजिक गट नेमका कसा बांधायचा, ते काम वकिलाचं. त्यात घरचे प्रयोग नकोत.) मोडलेल्या हाताचा एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधाच्या दुकानाची बिलं. इथल्या डॉक्टरकडून जुन्या व्रणांची तपासणीही करून घेता येते. त्यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आणि व्रण सांगितलेल्या माराशी किती जुळतो हे डॉक्टर ठरावीक श्रेणीत लिहितात. मानसोपचारतज्ज्ञाचा अहवालही तितकाच उपयोगी पडतो. जबर धक्का बसलेल्या माणसाच्या आठवणी तुटक येतात, क्रम हलतो. तो का हलला, हे जजला तज्ज्ञाच्या लेखणीतून समजलं तर तफावत म्हणजे खोटेपणा असा अर्थ काढला जायची शक्यता कमी होते.

एनसीची नक्कल फार महत्त्वाची. भाऊ हे सरकार नव्हेत, त्यामुळे सरकार संरक्षण देत नाही हे दाखवणं भाग आहे. हात मोडूनही पोलिसांनी अदखलपात्र नोंद घेतली, ही गोष्ट त्या एका कागदावर दिसते. पण सरकारी वकील गप्प बसणार नाहीत. ते म्हणतील, भारतात १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, आणि २०१८ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने शक्तिवाहिनी खटल्यात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा यांचे निर्देश दिलेत. कायदा पुस्तकात आहे आणि ठाण्यात काय होतं, यातलं अंतर तुम्हाला पुराव्याने भरावं लागेल. तुमच्या तालुक्यातल्या अशाच घटनांच्या बातम्या, मानवी हक्क संघटनांचे अहवाल, अमेरिकी परराष्ट्र खात्याचा भारतावरचा मानवी हक्क अहवाल. नुसता दोनशे पानांचा गठ्ठा जोडू नका. तुमच्या केसला लागू पडणाऱ्या ओळी अधोरेखित करा आणि कोणत्या पानावर काय आहे याची यादी वर लावा.

मग येतो भारतीय माणसाला हमखास पडणारा प्रश्न: एवढा मोठा देश, दुसरीकडे का गेला नाहीत? पंजाबातून आलेल्या शीख अर्जदारांच्या अनेक केसेस याच प्रश्नावर अडल्या. आमच्या काल्पनिक जोडप्याकडे उत्तर आहे, पुणे. म्हणून पुण्यातला भाडेकरार, घरमालकाचं पत्र, भाऊ तिथे आले त्या दिवशीचे व्हॉट्सॲप मेसेज, हे सोन्यासारखे पुरावे. मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. आवाजी मेसेज असेल तर तो शब्दशः लिहून, भाषांतरासह द्या. आणि या मधल्या काळात कुणाच्या लग्नाला म्हणून भारतात जाऊन आलात, तर भीतीचं काय झालं, हा प्रश्न येणारच. गेलातच असाल तर लपवू नका. का गेलात, कुठे राहिलात, किती दिवस, ते सांगा.

नातेवाइकांच्या पत्रांबद्दल एक कडू गोष्ट. तुमच्या बाजूच्या, उलटतपासणीला हजर नसलेल्या नातलगांच्या पत्रांना कमी वजन देता येतं, असं अपील मंडळाने २०१० मध्ये म्हटलंय. म्हणून पत्र बोलकं हवं. ‘माझ्या पुतणीवर फार अन्याय झाला, तिला मदत करावी’ अशी पत्रं मी डझनावारी भाषांतरित केली असतील, त्यांचा उपयोग होत नाही. लिहिणाऱ्याने स्वतः डोळ्यांनी काय पाहिलं, कधी, कुठून पाहिलं, एवढंच लिहावं आणि ओळखपत्राची प्रत जोडावी. शेजारी, शिक्षक, कामावरचा सहकारी असा घराबाहेरचा साक्षीदार मिळाला तर उत्तम. साक्ष द्यायला घाबरणाऱ्यांना हेही सांगा की आश्रयाच्या अर्जातली माहिती अमेरिकी सरकारने गोपनीय ठेवायची असते, ती तुमच्या देशाच्या सरकारला कळवायची नसते.

पुराव्याचे काटेकोर न्यायालयीन नियम या कोर्टाला जसेच्या तसे लागू नाहीत. ऐकीव माहितीही घेतली जाते. कसोटी एवढीच की पुरावा मुद्द्याशी संबंधित आहे का आणि तो घेणं न्याय्य आहे का. मात्र इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र हवंच: मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर खरं आणि अचूक आहे, अशा मजकुराचं, सहीनिशी. ते नसेल तर जज कागद नाकारू शकतात. इमिग्रेशनच्या ताब्यात नसलेल्या अर्जदाराने, जजने वेगळी तारीख दिली नसेल तर, अंतिम सुनावणीच्या ३० दिवस आधी सगळं दाखल करायचं असतं.

भाषांतरात माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती कुणाकडूनही होऊ शकते. एका जबाबावर तारीख होती ०७/०३/२०२२. आपल्याकडे ती ७ मार्च. मी आकडे तसेच इंग्रजीत उतरवले, आणि अमेरिकेत ती ३ जुलै झाली. दवाखान्याच्या कागदावर मात्र महिना अक्षरात होता, मार्च. म्हणजे मार खाण्याच्या चार महिने आधीच माणूस टाके घालून आला होता. वकीलबाईंनी शेवटच्या वाचनात पकडलं म्हणून बरं. तेव्हापासून मी महिना कायम अक्षरात लिहिते, आणि मूळ आकडे कंसात जसेच्या तसे देते. गोल शिक्का अस्पष्ट असेल तर ‘शिक्का, अस्पष्ट’ असंच लिहिते, अंदाजाने ठाण्याचं नाव भरत नाही. नावांचंही तेच. पासपोर्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये आणि आडनाव आधी. ही सगळी एकाच माणसाची नावं आहेत हे सांगणारं एक छोटं निवेदन सोबत जोडलं की प्रश्न उठत नाही.

हे सगळं जजसमोरच व्हायला हवं, कारण पुढची दारं अरुंद आहेत. अपील मंडळ नव्याने साक्षी ऐकत नाही, आणि त्यावरचं संघराज्यीय न्यायालय खालच्या कोर्टाच्या नोंदीत जे आहे तेवढंच पाहतं. ट्रंकेत राहिलेला कागद तिथे कामाला येत नाही.

त्या मुलीच्या फाइलीत आम्ही काय केलं? मुलाखतीच्या टिपणावर अधिकाऱ्यांनीच छापलेलं असतं की हे शब्दशः लिप्यंतर नाही, ते पहिलं अधोरेखित केलं. तिने पुरवणी जबाब दिला: मी ‘मारलं’ म्हणाले, त्याचा अर्थ मारहाण केली, दादा जिवंत आहे. मी दीड पानाचं निवेदन दिलं, त्यात मराठीतल्या ‘मारणे’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ आणि ‘दादा’ हा शब्द कुणाकुणाला लावतात ते शब्दकोशातल्या नोंदींसह मांडलं. सरकारी वकिलांनी विचारायच्या आधी आम्हीच चूक पुढे ठेवली. तिची अंतिम सुनावणी अजून व्हायची आहे, तारीख दोनदा पुढे गेली.

आणि दादाला नवं पत्र लिहायला सांगितलं. ते परवाच, म्हणजे गेल्या मंगळवारी, आलं. सोबत कुटुंबाच्या रेशनकार्डाची प्रत आहे. पत्राची पहिली ओळ अशी: “मी तिच्या थोरल्या काकांचा मुलगा. त्या दिवशी काठी माझ्या डोक्यात बसली, बारा टाके पडले, आणि मी वाचलो.”